वाचकांचे प्रश्न : खान्देशच्या उन्हाळ्यात रंग काढायचे रिमूव्हर

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याच्या सागवानी दारावर तैलरंगाचे अनेक थर चढले आहेत. ते काढण्यासाठी पॉलिशवाल्याने आणलेला रिमूव्हरचा डबा एप्रिलमधल्या दुपारी फुगला आणि झाकण सैल करताच फसफसून वाफ बाहेर आली. माल खराब निघाला का? डब्यावर मिथिलीन क्लोराइड असे लिहिले आहे आणि ते पेट घेत नाही, असे दुकानदार सांगतो. मग बाहेरची झळ टाळण्यासाठी खोली बंद करून, कूलर लावून काम केले तर चालेल का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : डबा फुगला एवढ्यावरून माल खराब ठरत नाही. मिथिलीन क्लोराइड, म्हणजेच डायक्लोरोमिथेन किंवा कारखानदारांच्या बोलीतले एमडीसी, सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळते, आणि आपल्याकडे जळगाव-भुसावळ पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत सावलीतला पारासुद्धा त्यापुढे जातो. त्यामुळे बंद डब्यात वाफेचा दाब वाढतो. डबा थंड जागी ठेवावा, सकाळी लवकर उघडावा आणि तोंड आपल्यापासून दूर धरून झाकण हळूहळू सैल करावे.

हे द्रव्य रंग विरघळवते असे आपण म्हणतो, पण जुन्या तैलरंगावर त्याची क्रिया थोडी वेगळी असते. त्याचे लहान रेणू थरात शिरतात, थर फुगतो, त्याला सुरकुत्या पडतात आणि तो लाकडापासून सुटतो. मग तो पत्र्याने सहज खरवडता येतो. द्रव लगेच उडून जाऊ नये म्हणून रिमूव्हरमध्ये मेण मिसळलेले असते. औषधनिर्मितीत अर्क काढण्यासाठी आणि ॲक्रिलिकचे तुकडे जोडण्यासाठीही हा द्रावक वापरतात.

बंद खोलीचा विचार मात्र पूर्णपणे सोडून द्यावा. या द्रव्याची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असल्याने ती जमिनीलगत साचते आणि खाली बसून काम करणाऱ्याच्या नाकाशीच राहते. खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच हवा फिरवत राहतो. वाफेने आधी चक्कर आणि गुंगी येते, पुढे श्वासही थांबू शकतो. शिवाय शरीरात गेलेल्या द्रव्याच्या काही भागाचा कार्बन मोनॉक्साइड बनतो आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूचा पुरवठा कमी करतो. हृदयविकार असलेल्याने हे काम न केलेलेच बरे. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबवरचा जुना लेप काढताना याच द्रव्यामुळे किमान १३ कामगार मरण पावले, तेही बहुधा लहान, कोंदट न्हाणीघरांत. वास आला की बाहेर पडू, या भरवशावरही राहू नये, कारण गोडसर वास जाणवेपर्यंत वाफेचे प्रमाण अमेरिकेतील कामगारांसाठी ठरवलेल्या आठ तासांच्या २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेले असते.

दुकानदाराचे म्हणणे अर्धवट खरे आहे. शुद्ध मिथिलीन क्लोराइड सहजी पेटत नाही. परंतु अनेक रिमूव्हरमध्ये मिथेनॉल असते आणि ते पेटते. त्याहून वाईट म्हणजे बिडीच्या किंवा शेगडीच्या आचेवर ही वाफ विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड आणि फॉस्जीन हे विषारी वायू तयार होतात.

दार बिजागऱ्यांवरून उतरवून अंगणात, सूर्य चढण्यापूर्वी काम करावे आणि वाऱ्याकडे पाठ ठेवावी. साध्या रबरी हातमोज्यांतून हे द्रव्य काही मिनिटांतच आत झिरपते, म्हणून बहुपदरी लॅमिनेटचे हातमोजे मागून घ्यावेत. कापडी मास्कचा वाफेपुढे काहीच उपयोग नाही. रंग फार जुना असल्यास त्यात शिसे असण्याची शक्यता आहे, कारण घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७ पासूनच लागू झाली. तेव्हा तो कोरडा घासू नये, जाळूही नये, आणि निघालेला खरवडा मुलांच्या हाती लागणार नाही असा बंद डब्यात भरावा. घाई नसेल तर बेंझिल अल्कोहोलचे रिमूव्हर विचारून पाहावे. ते संथ चालते, पण सुमारे २०५ अंशांना उकळत असल्याने मे महिन्यातही डबा फुगवत नाही.