नाथसागरात नवी होडी घालताय? आधी विम्याचा कागद वाचा

भाऊ, फायबरची होडी घेतलीस, चांगलं केलंस. पण हप्ता किती कमी ते एजंट सांगेलच. तू विचार, वावधान, म्हणजे सोसाट्याचा वारा सुटून होडीचं नुकसान झाल्यावर काय मिळणार?

आपला नाथसागर म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचं पाणी, इथं कोकणासारखं चक्रीवादळ थडकत नाही. पण वैशाख-ज्येष्ठात भर दुपारी आभाळ काळवंडतं आणि घटकाभरात लाटा उसळतात. म्हणून कागदावर नुसतं ‘चक्रीवादळ’ नको, ‘वादळ, वादळी वारा, पूर’ असं स्पष्ट पाहिजे. नाहीतर दावा तिथंच अडतो.

माझी होडी अशाच वाऱ्यात खडकावर आपटली. तळाला हात जाईल एवढं भोक पडलं. पॉलिसी मात्र होडी पूर्ण गेली तरच पैसे देणारी! एक रुपया हाती आला नाही, सगळी डागडुजी पदरचे पैसे घालून केली. तेव्हा थोड्या नुकसानीची भरपाई आहे का, हे आधी बघ. हप्ता जास्त पडला तरी पडू दे. इंजिन आणि जाळी वेगळी लिहून घे.

होडीचे, इंजिनाच्या नंबरचे फोटो आजच काढून ठेव. नुकसान झालं तर त्याच दिवशी कंपनीला कळव, आणि सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, बघून जाईस्तोवर फुटलेल्या भागाला हात लावू नकोस.