एल्कच्या शिकारीला पहिल्यांदाच जातोय, बूट कोणते घेऊ?

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबरअखेर अमेरिकेत कोलोराडोला एल्कच्या, म्हणजे तिथल्या थोराड हरणाच्या, रायफलने शिकार करायच्या सीझनला जाणार आहात, सह्याद्रीत पंधरा वर्षं हलक्या ट्रेकिंग शूजवर काढलीत, अलंग-मदन-कुलंगसुद्धा त्यांवरच केलंत, मग तेच इथे चालतील का, की ते उंच, चामड्याचे, जड बूट घ्यावेच लागतील?

चालणार नाहीत. उत्तर एवढंच आहे. पण हाच प्रश्न आमच्या घरात सहा वर्षं धुमसतोय. दर दिवाळीला व्हिडिओ कॉलवर माझा मेव्हणा तो उकरून काढतो आणि सासूबाई ऐकत असल्यामुळे मला धड बोलता येत नाही. म्हणून आज इथे सगळं लिहितो.

माझं गाव अकोले तालुक्यात आहे. कळसूबाई आम्ही शाळेत असताना दप्तर देवळात ठेवून चढायचो. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने मी तीनदा केलाय आणि तिन्ही वेळा पायात ॲक्शनचे ट्रेकिंग शूज होते. त्या बुटाच्या रबराची कातळावर जी पकड आहे ती मी चौपट किमतीच्या बुटात पाहिलेली नाही. तेव्हा साध्या बुटांना मी नाक मुरडतोय असं समजू नका. सह्याद्रीत तेच बूट बरोबर आहेत. पावसाळा सोडला तर तिथला कातळ कोरडा असतो आणि तळवा पातळ असला की खोबणी पायाला कळते. घसाऱ्यावर पाय पटकन उचलता यावा लागतो. पाठीवर आठ-दहा किलोची सॅक. संध्याकाळी गावात उतरलात की पिठलं-भाकरी आणि पहाटेची एसटी.

कोलोराडोतल्या फ्लॅट टॉप्स या पठारावर यातलं काहीच नसतं. आम्ही जातो तो भाग ट्रॅपर्स लेक या तळ्याच्या बाजूचा आहे. १९१९ साली अमेरिकेच्या वनखात्याने आर्थर कारहार्ट नावाच्या तरुण माणसाला या तळ्याकाठी बंगल्यांचे प्लॉट पाडायला पाठवलं होतं. त्याने परत येऊन सांगितलं की इथे काहीही बांधू नका. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे. पुढे १९७५ मध्ये हा सगळा मुलूख वाइल्डरनेस म्हणून राखीव झाला, म्हणजे तिथे मोटार नाही, सायकल नाही, मांस ओढायची दोनचाकी गाडीसुद्धा नाही. जे खाली आणायचं ते पाठीवर नाहीतर घोड्यावर. पठाराची उंची तीन हजार मीटरच्या वर, आपलं कळसूबाई १,६४६. आणि जंगल कसं, तर १९४०च्या दशकात स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडांना भुंगेरे लागून डोंगरच्या डोंगर वाळले, २००२ साली तळ्याच्या बाजूला मोठा वणवा लागला, ती सगळी झाडं एकेक करून आडवी होत आलीत. साल गळून गेलेली, राखाडी, गुळगुळीत खोडं एकमेकांवर पडलेली असतात. त्यावर चार बोटं बर्फ पडलं की कुठलं खोड कुठे आहे ते दिसत नाही. एल्क नेमके तिथेच जाऊन बसतात, आणि तिथे पायवाट नाही.

सहा वर्षांपूर्वी मेव्हणा माझ्याबरोबर आला. तो सिअॅटलला असतो. पन्नास-पन्नास मैलांच्या शर्यती पळतो, दम माझ्या दुप्पट. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. मी त्याच्यासाठी चामड्याचा एक जोड काढला. त्याने हातात तोलून पाहिला आणि म्हणाला, "भाऊजी, एवढं वजन पायात घेऊन कोण चालतं? पायातला एक पौंड म्हणजे पाठीवरचे पाच." हे वाक्य तो अजूनही म्हणतो. मी तेव्हा गप्प बसलो. बायकोचा भाऊ, पहिल्यांदाच आलाय, त्यात दुकानातला पोऱ्या समोर उभा. मी काही बोललो नाही याचं मला आजही वाईट वाटतं. तो आपल्या जाळीच्या, पळायच्या बुटांवरच आला.

पहिले दोन दिवस तोच खरा ठरत होता. तो पुढे, मी मागे. तिसऱ्या दिवशी दुपारी साडेचारच्या सुमाराला आम्हाला एक मादी मिळाली. गाडीपासून पाच किलोमीटर आत. आदल्या रात्री बर्फ पडलेलं, त्याचे पाय सकाळपासून ओले होते, पण तो काही बोलला नाही.

एल्कची मादी म्हणजे सव्वादोनशे किलोचं जनावर. फरे हाडासकट ठेवले आणि पाठीच्या, मानेच्या मांसाच्या पिशव्या धरल्या, तर आमच्या अंदाजाने ऐंशी-पंच्याऐंशी किलो झालं. दोघांना दोन-दोन फेऱ्या. सामानासकट दर फेरीला पाठीवर पंचवीस किलो. अर्धं मांस सावलीच्या बाजूच्या झाडाला टांगलं, अर्धं पाठीवर घेतलं आणि सात वाजता हेडटॉर्च लावून निघालो.

नऊच्या सुमाराला, गाडी दोन किलोमीटरवर असताना, एका तिरक्या उतारावर त्याचा पाय ओल्या खोडावरून सरकला. घोटा आतल्या बाजूला वळला आणि पाठीवरचं सगळं वजन त्यावर आलं. आवाज मला दहा पावलांवर ऐकू आला. त्याची सॅक तिथेच एका झाडाला टांगली, माझ्या दोन्ही काठ्या त्याला दिल्या आणि ते दोन किलोमीटर आम्ही अडीच तासांत आलो. डॉक्टर म्हणाले घोट्याचा स्नायुबंध अर्धवट फाटलाय. सहा आठवडे पट्टा लागला.

आणि मांस डोंगरावर होतं. ते तिथे सोडून देणं कायद्याने गुन्हा आहेच. पण कायदा नसता तरी मी सोडलं नसतं. आपण एक जीव घेतला, आता त्याचं मांस कुजू द्यायचं नाही, याच्यापुढे मला या शिकारीत दुसरं काही महत्त्वाचं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटा चौदा किलोमीटर चाललो: आधी त्याची टांगलेली सॅक आणली, मग वरची एक फेरी. तिसऱ्या दिवशी उरलेली फेरी, दहा किलोमीटर. पायात तीन वर्षं मुरलेले चामड्याचे बूट होते, म्हणून हे झालं.

मेव्हणा म्हणतो, घोटा बुटामुळे नाही, अंधारामुळे मुरगळला. अंधार मलाही होता. खोड तेच, बर्फ तेच, वजन तेवढंच, आणि दमाने तो माझ्यापेक्षा सरस. फरक फक्त तळव्याचा. मऊ तळवा तिरक्या उतारावर उताराबरोबर तिरका होतो, म्हणजे अख्खं पाऊल कलतं आणि प्रत्येक पावलाला घोट्याच्या स्नायूंना पाठीवरचं वजन धरून ठेवावं लागतं. दोन तासांत ते स्नायू थकतात. मग एक निसरडं खोड पुरतं. ताठ तळव्याच्या बुटाची डोंगराकडची कड जमिनीत रुतते, पाऊल सपाट राहतं, घोट्यावर ताण कमी येतो. लोक घोट्याच्या आधारासाठी उंच बूट घेतात, पण बराचसा आधार तळव्यातून येतो. उंच आणि मऊ बूट काही कामाचा नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की बूट शिकारीसाठी घेऊच नका, मांस घेऊन उतरण्यासाठी घ्या. जाताना तुम्ही कशावरही जाल.

दुकानात बुटाची टाच एका हातात, टोक दुसऱ्या हातात धरा आणि ओलं फडकं पिळल्यासारखं पिळा. पिळला गेला तर ठेवून द्या. चवड्याशी थोडा वाकावा, पण जोर लावून. मिंडल आणि हानवॅग या जर्मन कंपन्या ताठपणाला ए, बी, सी, डी अशी अक्षरं देतात. तुमच्यासाठी बी आणि सीच्या मधला बूट बरा. डी बर्फाच्या भिंती चढणाऱ्यांसाठी असतो. उंची आठ ते दहा इंच. चामडं जाड, शक्यतो कमी शिवणीचं, आणि खाली चारी बाजूंनी रबराची पट्टी हवीच, कारण खोडांचे खुंट चामडं फाडतात. गोरटेक्सचं, म्हणजे पाणी आत येऊ न देणारं, अस्तर असू द्या, ऑक्टोबरच्या बर्फात लागतं. पण चामड्याला मेण लावत चला, नाहीतर वरचं चामडं भिजून जड होतं आणि अस्तर असूनही पाय आतल्या घामाने ओले होतात.

अस्तरातल्या उबेच्या बाबतीत मी स्वतः चुकलो होतो. पहिल्या वर्षी ८०० ग्रॅम थिन्सुलेटचे, म्हणजे उबेच्या कृत्रिम अस्तराचे, बूट घेतले (हे ग्रॅम म्हणजे एका चौरस मीटर अस्तराचं वजन, अख्ख्या बुटातलं नव्हे). चढताना पाय घामाने निथळले, मग कड्यावर दुर्बीण लावून बसलो तर तोच घाम गार पडला. दिवसभर एका जागी बसणाऱ्याला ८०० ठीक आहे. चालणाऱ्याने २०० घ्यावेत किंवा बिनउबेचेच घ्यावेत. रायफलचे सीझन ओळीने चार असतात; चौथ्याला, म्हणजे नोव्हेंबर सरताना जाणार असाल तर ४००.

मापाचं सांगतो, कारण यात आपले लोक हमखास फसतात. लहानपणी अनवाणी आणि चपलांवर वाढलेल्यांचा चवडा रुंद असतो, निदान माझा आणि माझ्या गावाकडच्या सगळ्यांचा आहे. नेहमीच्या रुंदीचा बूट दुकानात चालतो आणि तिसऱ्या दिवशी करंगळी सोलतो. रुंद माप मागा, ते मिळतं. संध्याकाळी जा, पाय फुगलेले असताना. डोंगरावर घालणार तेच जाड मेरिनो लोकरीचे मोजे घालून माप घ्या. नाडी सोडून पाय पुढे ढकलला की टाचेमागे एक बोट जायला हवं. मग नाडी आवळून दुकानातल्या उतरत्या फळीवर जोरात पाय आपटत उतरा. अंगठा टोकाला लागला तर तो बूट उतरताना तुमची नखं काळी करणार. टाच वर उचलली जात असेल तर फोड येणार. केनेट्रेक, क्रिस्पी, शनीज, मिंडल, सगळे चांगले बूट करतात. प्रत्येकाचा साचा वेगळा असतो, तुमचा पाय ज्यात बसतो तो तुमचा. ४००-५०० डॉलर जातील. रायफलची दुर्बीण त्याहून स्वस्त घेतली तरी चालेल.

हा जोड वर्षानुवर्षं टिकतो, तळवा बदलून घेता येईल असाच घ्या. मात्र कपाटात जपून ठेवू नका. मधला थर पॉलियुरेथेनचा असेल तर तो न वापरताही हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो आणि आठ-दहा वर्षांनी डोंगरावर एका दिवसात सुटून येतो. भारतातून जुने आणणार असाल तर अंगठ्याने दाबून बघा, भुगा होतोय का.

आता मेव्हण्याच्या बाजूचंही लिहितो, नाहीतर तो वाचून म्हणेल भाऊजींनी निम्मंच सांगितलं. सप्टेंबरमध्ये धनुष्याच्या सीझनला जमीन कोरडी असते, दिवस उबदार असतात, चोरपावलांनी जवळ जावं लागतं, तेव्हा त्याचे हलके बूट खरोखर चांगले. मांस न्यायला घोडेवाला ठरवला असेल तरीही. पायातलं वजन दमवतं हेही खरं आहे, म्हणून गरजेपेक्षा जड बूट घेऊ नका. ज्यांचे घोटे वर्षानुवर्षं डोंगरात ओझी वाहून तयार झालेत असे लोक मऊ बुटांवर एल्क उतरवतात, मी पाहिलेत. पण ते पहिल्यांदाच आलेले नसतात. आणि मी डॉक्टर नाही. तुमचा घोटा आधी कधी दुखावला असेल तर आधी तो दाखवून घ्या.

रात्री तंबूत बुटातली गादी काढून उबेला ठेवा आणि बूट पिशवीत घालून झोपायच्या पिशवीत पायथ्याशी घ्या, नाहीतर पहाटे ते दगड झालेले असतात. शेकोटीजवळ अजिबात नको, चामडं तडकतं आणि गोंद सुटतो. टाच नुसती गरम वाटायला लागली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा, माथ्यावर पोचल्यावर बघू असं करू नका.

तुम्ही ऑक्टोबरअखेर म्हणालात, म्हणजे बहुधा दुसरा सीझन. चामड्याचा बूट मुरायला माझ्या पायाला साठ-सत्तर किलोमीटर लागतात, त्यातले शेवटचे तीस पाठीवर वजन घेऊन. सॅकमध्ये तांदळाची दहा किलोची पिशवी टाका, दर आठवड्याला पाच किलो वाढवा, आणि सपाट रस्त्यावर नाही, तिरक्या उतारावर चाला. या शनिवारी संध्याकाळीच दुकानात जा, मोजे बरोबर न्या.