आजेसासऱ्यांचं पिस्तूल: कापायचं की जपायचं?

ओहायोहून एका ताईंचा मेल आलाय, आधी थोडक्यात तो सांगते. ताई मूळच्या सांगलीच्या, ग्रीन कार्डवर, नवरा अमेरिकन. मार्चमध्ये आजेसासरे गेले आणि मृत्युपत्रात त्यांनी आपलं जुनं कोल्ट पॅटर्नचं १९११ ए१ पिस्तूल नातवाच्या नावे ठेवलं. नवऱ्याला ते गनस्मिथकडे देऊन नेम धरायचे नवे साइट्स, मागे मोठं बीव्हरटेल (हाताच्या वर येणारं शेपटीसारखं टोक), मुठीच्या पुढच्या बाजूला चेकरिंग (पकडीसाठी कोरलेल्या चौकड्या) आणि वरून नवं काळं फिनिश असं सगळं करून हवंय, म्हणजे नेमबाजीच्या रेंजवर मजेत वापरता येईल. कोटेशन १,८५० डॉलरचं. क्रेडिट कार्डावर ४,३०० डॉलर थकलेत, २२ टक्क्यांनी. ताई विचारतात, "खर्च करावा का, की तसंच ठेवावं? आणि ठेवलं तर ती इन्व्हेस्टमेंट धरायची का?"

ताई, तुम्ही फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत, नाहीतर मी नुसतं कार्डाचं व्याज मोजून मोकळी झाले असते. स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकणाऱ्या भागाच्या, डाव्या बाजूला रेमिंग्टन रँड, सिराक्यूज न्यूयॉर्क असं आहे, फ्रेमवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी आणि एफ.जे.ए. ही तपासनिसाची बारीक अक्षरं. म्हणजे हे दुसऱ्या महायुद्धातलं सरकारी पिस्तूल. जॉन ब्राउनिंगचं हे डिझाइन अमेरिकन सैन्याने १९११ साली घेतलं, वीसच्या दशकात त्यात थोडे बदल होऊन ए१ झालं, आणि युद्धात मागणी इतकी वाढली की टाइपरायटर बनवणाऱ्या कंपनीलाही काम दिलं. हो, तीच रेमिंग्टन, जिच्या मशीनवर आपल्याकडे टायपिंगच्या क्लासला कितीतरी जणांनी तीस-चाळीसचं स्पीड काढलं. या कंपनीने पिस्तुलं लाखांनी बनवली, त्यामुळे तुमचं काही दुर्मीळ नाही. दुर्मीळ म्हणजे शिलाई मशीनवाल्या सिंगरची, ती फक्त ५०० बनली आणि त्यातली उत्तम अवस्थेतली काही लिलावात लाखावर डॉलरला गेलीत.

पण दुर्मीळ नसलं तरी तुमचं ओरिजिनल आहे, आणि किंमत त्याचीच आहे. तो करडा-हिरवट पार्करायझिंगचा (गंज रोखणारा) थर, कडांवर होल्स्टरमध्ये घासून उजळलेलं लोखंड, ब्राउन प्लॅस्टिकच्या ग्रिप्स, हे सगळं संग्राहक भिंगाने बघतो. बीव्हरटेल बसवायचं तर फ्रेमची मागची टोकं कापून घासावी लागतात, साइट्ससाठी स्लाइडमध्ये खाच पाडावी लागते, फिनिश नवं करायचं तर आधी पॉलिश करताना ती एफ.जे.ए.ची अक्षरं पुसट होतात. आणि एकदा कापलेलं लोखंड परत जोडता येत नाही हो. पैसे चुकले तर दोन वर्षांत भरून काढता येतात, हे नाही येत.

आता आकडे बघू. तुमच्या डीलरने आहे त्या स्थितीत तोंडी २,२०० सांगितलेत. काम झाल्यावर संग्राहक ते हातात धरणार नाही आणि वापरणारा म्हणेल मला नवीनच घ्यायचंय, तर माझ्या हिशेबाने ११००-१२०० आले तरी खूप. म्हणजे १,८५० खिशातून गेले आणि हजारभर वस्तूतून गेले, एकूण २,९०० च्या आसपास खड्डा. शिवाय ते १,८५० कार्डावर टाकलेत तर वर्षाला चारशेच्या वर नुसतं व्याज, आधीच्या ४,३०० वर साडेनऊशेच्या जवळपास जातंच आहे.

माझ्या माहेरी हे झालेलं आहे म्हणून जरा कळकळीने लिहिते. आजीची पुतळ्यांची माळ होती, आईच्या लग्नात "जुन्या पद्धतीची आहे, कोण घालतं" म्हणून सोनाराकडे मोडीत दिली आणि बांगड्या केल्या. वजनाचे पैसे मिळाले, वर घडणावळ आमच्याकडूनच गेली. त्या बांगड्याही पुढे मोडल्या. माळेचा एक फोटो आहे, लग्नातला, त्यात आजीचा अर्धाच गळा दिसतो, आई आजही तो फोटो काढून बघते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, या पिस्तुलाला हात लावू नका, आणि नवऱ्याच्या हौसेलाही नाही म्हणू नका. फिलिपिन्स किंवा तुर्कस्तानात बनलेली नवी १९११ आज पाचशे डॉलरच्या आसपास मिळतात, बऱ्याच मॉडेल्सना चांगले साइट्स आणि बीव्हरटेल फॅक्टरीतूनच येतात. ते घ्या, त्याच्यावर काय हवं ते करू देत, कापू देत, रंगवू देत. उरलेले १,३५० सरळ कार्डात भरा, थकबाकी २,९५० वर येईल. रेंजवर रोज वापरायला नवंच बरं, कारण युद्धकाळातल्या स्लाइड्स आजच्यासारख्या पूर्ण हार्डन केलेल्या नसायच्या, हजारो राउंड मारले तर तडा जाण्याची भीती असते. आजोबांच्या आठवणीत वर्षातून एखाद दिवशी, गनस्मिथकडून तपासून, नवी रिकॉइल स्प्रिंग टाकून, साध्या २३० ग्रेन वजनाच्या गोळ्या चालवल्या तर मला त्यात वावगं वाटत नाही. स्प्रिंग, ग्रिप्स ह्या काढता-घालता येणाऱ्या गोष्टी आहेत, फक्त जुने पार्ट चिठ्ठी लावून पिशवीत जपून ठेवा.

इन्व्हेस्टमेंट मात्र म्हणू नका. ते व्याज देत नाही, डिव्हिडंड देत नाही, विकताना डीलर किंवा लिलाववाला आपला कट काढतो, आणि कलेक्टिबल म्हणून लाँग टर्म नफ्यावर फेडरल टॅक्स २८ टक्क्यांपर्यंत लागू शकतो, शेअर्सपेक्षा जास्त. रिटायरमेंटच्या हिशेबात ते शून्य धरा. एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, वारशाने आलंय म्हणून टॅक्ससाठी खरेदीची किंमत म्हणजे आजोबा गेले त्या दिवशीची बाजारभावाची किंमत. तिचं आत्ताच लेखी अप्रेझल, म्हणजे तज्ज्ञाकडून मूल्यांकन, करून ठेवा, तोंडी २,२०० ला दहा वर्षांनी कोण विचारणार.

आणि ताई, फोटोत बॉक्सच्या तळाशी एक पिवळा पडलेला घडीचा कागद दिसतोय, तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीये. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने ही पिस्तुलं नागरिकांना विकली होती, तुमच्या मेलमध्ये आजोबांनी "सरकारकडून पोस्टाने मागवलं" असं आहे, तर तो बहुतेक त्या विक्रीचाच कागद असेल. त्यावर सीरियल नंबर असेल तर तो पिस्तुलावरच्या नंबराशी जुळवून बघा. जुळला तर किंमत नक्की वाढते, आणि ही सरकारी वस्तू घरात कशी आली हा प्रश्नही मिटतो. कागद प्लॅस्टिकमध्ये घालून वेगळा ठेवा, लॅमिनेट करू नका.

घराच्या इन्शुरन्सचंही बघा, नेहमीच्या होमओनर पॉलिसीत बंदुकांच्या चोरीला वेगळी मर्यादा असते, बऱ्याचदा सगळ्या मिळून २,५०० डॉलर, वर डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम. अप्रेझल हातात आलं की पिस्तूल वेगळं शेड्यूल करून घ्या, म्हणजे पॉलिसीत किमतीसकट वेगळं नोंदवून घ्या. ठेवताना चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि ओहायोच्या बेसमेंटमध्ये गंज चढायला वेळ लागत नाही. हलकं तेल, मऊ कापड, बस्स.

तुमचा भाऊ सध्या तुमच्याकडे राहतोय आणि एचवनबीवर, म्हणजे तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर, आहे असं तुम्ही सहज लिहिलंय, पण मला ते सहज वाटलं नाही. अशा नॉनइमिग्रंट (कायम वास्तव्याच्या नसलेल्या) व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे, शिकारीचं वैध लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर. तेव्हा सेफचा नंबर त्याला देऊ नका, आणि रेंजवर न्यायचं म्हणत असाल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. वकिलाची फी या सगळ्यात सगळ्यात स्वस्त पडेल.

माझं मत एकाच गोष्टीने बदलेल. पिस्तूल आधीच कोणी री-फिनिश केलेलं किंवा कापलेलं निघालं, तर संग्राहकाची किंमत आधीच गेलेली, मग कार्ड फेडून झाल्यावर नवऱ्याला हवं ते करू द्या. सैन्याच्या कारखान्यात पुन्हा जुळवलेली पिस्तुलंही असतात, त्यांच्यावर बहुधा तसा शिक्का असतो, त्यांना भाव कमी, पण तीही कापू नयेत असं मला वाटतं. फोटोवरून तुमचं तसं दिसत नाही, तरी अप्रेझरला फ्रेमच्या दोन्ही बाजू नीट बघायला सांगा आणि तोपर्यंत गनस्मिथला ॲडव्हान्स देऊ नका.