टोरंटो हस्कीज हा बास्केटबॉल संघ एकाच हंगामात का बंद पडला?

एनबीए ही उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग आज ज्याला आपला पहिला सामना मानते, तो १ नोव्हेंबर १९४६ रोजी टोरंटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये झाला आणि त्यात न्यूयॉर्क निक्सने यजमान हस्कीजना ६८-६६ असे निसटते हरवले. त्या दिवशी हस्कीजचा ६ फूट ८ इंच उंचीचा खेळाडू जॉर्ज नॉस्ट्रँड याच्यापेक्षा उंच प्रेक्षकाला मोफत प्रवेश होता. नव्या खेळाकडे लोकांना वळवण्याची ही धडपड मला फार हृद्य वाटते. मात्र खेळाडू-प्रशिक्षक एड सॅडोव्स्की हंगामाच्या सुरुवातीलाच संघ सोडून गेला, त्यानंतर प्रशिक्षक बदलत राहिले, ६० पैकी ३८ सामने हातचे गेले आणि आइस हॉकीवर जीव टाकणाऱ्या त्या शहरात तोटा सोसत राहणे मालकांना परवडले नाही. टोरंटोला पुन्हा एनबीएचा संघ मिळायला १९९५ साल उजाडावे लागले.