बाटल्या निर्जंतुक करायला अडीच हजारांचं मशीन कशाला, घरात मोदकपात्र आहे ना?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाळ तीन महिन्यांचं आहे, दिवसाला चार-पाच बाटल्या होतात, इलेक्ट्रिक स्टरलायझर अडीच हजारांना दिसतोय आणि तेवढे पैसे आत्ता घालवायचे नाहीत. पातेल्यात उकळलं तर चालेल का, की मशीन घ्यावंच?

मशीन घेऊ नका. कुणी भेट देत असेल तर आनंदाने घ्या, पण स्वतःच्या खिशातून नको.

मला जुळी झाली, तीही दिवस भरायच्या आधी. अंगावरचं दूध दोघांना पुरेना, म्हणून डॉक्टरांनी वरचं सुरू करायला सांगितलं आणि बाटल्या रोज निर्जंतुक करा अशी ताकीद दिली. दिवसाला दहा-बारा बाटल्या. दवाखान्याचं बिल नुकतंच भरलेलं, त्यामुळे मशीनचा विषयच नव्हता. पहिले पंधरा दिवस मोठ्या पातेल्यात उकळलं. मग एका पहाटे तीनला पातेलं गॅसवर ठेवलं, एकीला पाजता पाजता बसल्या जागी डोळा लागला, आणि जाग आली ती जळक्या वासाने. पाणी पार आटलेलं, चार निपल तळाला चिकटलेली आणि एका बाटलीची कड वितळून केळीच्या सालीसारखी दुमडलेली. निपल पातेल्यापासून उचकटायला उलथणं लागलं. उकळण्यात दोष काहीच नाही, दोष आहे तो बाळंतिणीच्या झोपेत. तुम्हीही उकळणार असाल तर मोबाइलवर गजर लावल्याशिवाय गॅस पेटवू नका.

सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी माळ्यावरून मोदकपात्र काढलं. तळाला दोन पेले पाणी, वर चाळणी, चाळणीवर बाटल्या तोंड खाली करून, कडेने निपल आणि रिंगा सुट्या करून ठेवायच्या. झाकणाच्या कडेने वाफ जोरात यायला लागली की तिथून दहा मिनिटं मोजायची, गॅस बंद करायचा आणि झाकण तसंच राहू द्यायचं. अडचण एकच: अडीचशे मिलीची उंच बाटली त्यात उभी मावत नाही. मी ती तोंड खालच्या बाजूला येईल अशी तिरपी टेकवायचे, म्हणजे आत पाणी साचत नाही. मोदकपात्र नसेल तर इडलीचा कुकर घ्या, पण शिट्टी काढून. दाब धरू देऊ नका, प्लास्टिकची बाटली त्यात वाकडी होऊ शकते.

पातेल्यातच करायचं ठरवलंत तर बाटली पूर्ण बुडली पाहिजे आणि आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. निपल हमखास वर तरंगतात, त्यांच्यावर एक स्टीलची वाटी पालथी घाला. किती वेळ? अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी म्हणते पाच मिनिटं, ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस म्हणते किमान दहा. मी दहा धरायचे. मिनिटं मोजायची ती पाणी खळखळून उकळायला लागल्यावर, पातेलं ठेवल्यापासून नव्हे.

पैशाचा हिशेब मांडते, कारण खरा प्रश्न तोच आहे. सिलिंडर १४.२ किलोचा, नऊशे रुपये धरू. दोन लिटर पाणी उकळी आणून दहा मिनिटं ठेवायला अंदाजे ३५ ग्रॅम गॅस जातो, म्हणजे सव्वादोन रुपये. मोदकपात्रात पाणी थोडं, खर्च रुपयाभर. पाचशे वॉटचं मशीन दहा मिनिटं चाललं तर युनिटचा बारावा हिस्सा, पाऊण रुपया धरा. पातेल्याच्या तुलनेत दिवसाला दोनदा करून तीन रुपये वाचले, तर अडीच हजार वसूल व्हायला सव्वादोन वर्षं. तोवर पोरं तुमच्या कपातला चहा मागायला लागतात. मोदकपात्राशी तुलना केली तर वसूल होण्याचा प्रश्नच येत नाही.

निळ्या दिव्याचे यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारे डबे तर आणखी महाग. प्रकाश सरळ रेषेत जातो, बाटलीच्या ज्या कोपऱ्यावर सावली पडते तिथे तो पोचत नाही. एका दुकानदाराने मला तो डबा 'आयुष्यभर चालेल' म्हणून गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता. बाटलीचं आयुष्य एक वर्ष आणि डब्याचं माझ्याएवढं! गंमत म्हणजे आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बाटलीची आणि पावडरच्या दुधाची जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे बाटली कशी निवडावी हे फारसं कानावर येत नाही. ते मी सांगते: आयएसआय मार्क पाहा, आणि तळाशी त्रिकोणात ५ आकडा असेल तर ती पॉलिप्रोपिलिनची, वाफेला टिकणारी. काचेची असेल तर गरम बाटली थंड पाण्याखाली धरू नका, तडकते.

आता ज्यावर कुणी बोलत नाही ते. निपल ज्या रिंगमध्ये बसतं त्या रिंगचे आटे एकदा बोटाने चाचपून बघा. मी महिनाभर बाटल्या मन लावून निर्जंतुक केल्या होत्या. एक दिवस टॉर्च मारला तर आट्यांच्या खाचेत पिवळट रेघ, नखाने खरवडली तर दह्याच्या साईसारखी निघाली, वासही आंबट. अशा थराखालचे जंतू उष्णतेतूनही वाचू शकतात. म्हणून आधी धुणं. पाजून झालं की लगेच सगळे भाग सुटे करून साध्या पाण्याने विसळायचे, मग गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, बाटलीला लांब ब्रश, निपलला छोटा ब्रश, निपल उलटं करून भोकातून पाणी पिळून काढायचं. ब्रश आणि घमेलं फक्त बाटल्यांचं ठेवा. सिंकमध्ये, जिथे मासळी आणि खरकटं धुतलं जातं, तिथे नको. आणि वाफवलेली बाटली ओढणीने किंवा किचनच्या फडक्याने पुसू नका, केलेलं सगळं त्या फडक्यात जातं. पाणी झटका आणि स्वच्छ जागी वाळू द्या.

पावडरचं दूध देत असाल तर आणखी एक: ती पावडर स्वतः निर्जंतुक नसते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, किमान ७० अंशांच्या पाण्यात कालवा, मग बाटली गार पाण्यात धरून कोमट करा, आणि कालवल्यापासून दोन तासांत संपवा. उरलेलं फेकून द्या, कितीही जीव तुटला तरी.

तुमचं बाळ तीन महिन्यांचं म्हणता. दिवस भरून जन्मलेलं आणि तब्येत ठणठणीत असेल तर दर बाटलीला वाफवायची गरज नाही. दर वेळी नीट धुवा आणि दिवसातून एकदा सगळ्या मिळून वाफवा. सीडीसी रोज निर्जंतुक करण्याचा आग्रह धरते तो मुख्यतः दोन महिन्यांच्या आतल्या, दिवसांआधी जन्मलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांसाठी. तुमचं त्यात बसत असेल तर डॉक्टरांना विचारा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

आणि बाटली हवीच आहे का, हेही एकदा विचारून बघा. माझ्या धाकट्या मुलाला माझी आई वाटी-चमच्याने पाजायची, नंतर तिने तिच्या माहेरचं चांदीचं बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं, काढलं. त्याला ना आटे, ना निपल, ना भोक. घासलं, उकळत्या पाण्यात टाकलं, काम झालं. पाजायला वेळ लागतो, दूध गळ्यावर सांडतं, लाळेरं दिवसातून चारदा बदलावं लागतं. पण तीन महिन्यांच्या बाळाला जमतं. तुम्ही कामावर गेल्यावर पाळणाघर असेल तर तिथे याला कुणी तयार होणार नाही, घरी आजी असेल तर होईल.

पाणी बोरिंगचं किंवा टँकरचं असेल तर बाटल्यांवर पांढरा थर येईल. तो क्षार आहे, घाण नव्हे. मोदकपात्राच्या तळालाही बसतो. आठवड्यातून एकदा पाण्यात लिंबाची फोड टाकून उकळा, निघून जातो.