नवऱ्याच्या परमिटवर आलेय, पीआर (कायमचा रहिवास) माझ्या नावावर होईल का?

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही कॅनडात कॅल्गरीला असतो. मिस्टर हॉटेलात शेफ आहेत, एलएमआयएवर (परदेशी माणूस ठेवायला मालकाला मिळणारी सरकारी मंजुरी) आलेले, वय ३७, आयईएलटीएसला (इंग्रजीची परीक्षा) दोनदा बसले पण ६ च्या वर जात नाहीत. मी २९ ची, बीएस्सी नर्सिंग, सांगलीला ४ वर्षं हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते. २०२४ ला ओपन वर्क परमिटवर (कुठल्याही मालकाकडे काम करता येतं असं) आले, आता एका सीनियर होममध्ये नर्स एड म्हणून ८ महिने झाले. परमिटचे ११ महिने उरलेत. एजंट म्हणतो मेन अर्जदार नवराच असतो, तुम्ही डिपेंडंट. मला काही वेगळा पर्याय आहे का?

उत्तर : ताई, तुमच्या घरात मेन अर्जदार तुम्हीच दिसताय की! नवराच मेन असला पाहिजे असं कॅनडाच्या कुठल्याच नियमात नाही, दोघं पात्र असाल तर एक्स्प्रेस एंट्रीत (गुणांवर पीआरसाठी बोलावणारी ऑनलाइन पद्धत) दोघांनी वेगवेगळी प्रोफाइल टाकली तरी चालतं, ज्याला आधी बोलावणं येईल त्याने अर्ज भरायचा आणि दुसऱ्याला जोडीदार म्हणून सोबत घ्यायचं.

आधी एक गैरसमज काढा. मिस्टर तुम्हाला स्पॉन्सर करू शकत नाहीत, तो हक्क नागरिक किंवा पीआर असलेल्यालाच आहे, वर्क परमिटवाल्याला नाही. आणि २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराच्या ओपन परमिटचे नियमच आवळलेत, टीअर (कामांच्या सरकारी पायऱ्या, ० सगळ्यात वरची) ० आणि १ ची कामं चालतात पण टीअर २-३ मधली निवडकच, त्यात शेफ बसत नाही, शिवाय अर्ज करताना मुख्य कामगाराच्या परमिटला निदान १६ महिने शिल्लक लागतात. म्हणजे हे परमिट संपलं की सहज दुसरं मिळेल या भरवशावर राहू नका, हे ११ महिने सोन्यासारखे आहेत.

नर्स एडचं काम टीअर ३ मध्ये येतं, त्यामुळे वर्ष भरलं की तुम्ही कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लासला (कॅनडातल्या अनुभवावरचा एक्स्प्रेस एंट्रीचा गट) पात्र, भाषेची अट फक्त सीएलबी ५ (सीएलबी म्हणजे भाषेची कॅनडातली पातळी). वर्ष म्हणजे १५६० तास, पण आठवड्याला ३० च्या वरचे तास धरत नाहीत, तेव्हा डबल शिफ्ट मारून ६ महिन्यात वर्ष होत नाही (हा प्रश्न दर महिन्याला कोणीतरी विचारतंच). सांगलीच्या अनुभवावर फेडरल स्किल्ड वर्कर हा दुसरा दरवाजा आजही उघडा आहे, पण तिथे सीएलबी ७ आणि १०० पैकी ६७ गुण लागतात, वर बँकेत पैसे दाखवावे लागतात, एक्स्पीरियन्स क्लासला ते लागत नाहीत.

पण पात्र होणं वेगळं आणि बोलावणं येणं वेगळं, तिथे एक्स्प्रेस एंट्रीतला वेगळा स्कोअर बघतात. इंग्लिशवर जोर द्या, आयईएलटीएसला लिसनिंग ८ आणि बाकी तिन्ही ७ म्हणजे सीएलबी ९, तिथे गुणांची मोठी उडी आहे. वयाचे ५ गुण तिसाव्या वाढदिवसाला जातात, ते काही आपल्या हातात नाही. हेल्थकेअरच्या वेगळ्या ड्रॉमध्ये (बोलावणी काढायची फेरी) रजिस्टर्ड नर्सचं काम धरलेलं आहे, म्हणून भारतातलं अनुभवपत्र नीट घ्या, हुद्दा, तास, पगार, कामाचं स्वरूप सगळं हवं, नुसतं 'यांनी आमच्याकडे काम केले' एवढं चालत नाही.

डिग्रीची तपासणी (भारतातली डिग्री कॅनडातल्या कशाच्या तोडीची ते ठरवणारी) आजच सुरू करा. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून कागद निघायला वेळ जातो आणि आपल्याकडे हमखास घोळ नावाचा, मार्कशीटवर वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं. लग्नाचं रजिस्टर सर्टिफिकेट आणि नावबदलाचं गॅझेट असेल तर ते काढून ठेवा.

मिस्टरांचा रस्ता बंद नाही हं. अल्बर्टाच्या प्रांतिक कार्यक्रमात टुरिझम-हॉस्पिटॅलिटीचा वेगळा स्ट्रीम आहे, मालक त्यात बसतो का ते त्यांनी विचारावं. एक्स्प्रेस एंट्रीला जोडलेलं प्रांताचं नॉमिनेशन (प्रांताने केलेली निवड) असेल तर ६०० गुण मिळतात.

आणि एजंट उद्या म्हणेल की नवऱ्याला सोबत नाही असं दाखवू, एकटीचे गुण जास्त मिळतात. एकाच घरात राहून असलं काही करू नका, चौकशी लागते. अर्जात नवऱ्याचं नावच लपवलंत तर पुढे त्यांना कुटुंब म्हणून स्पॉन्सरही करता येत नाही. एजंटला लायसन्स नंबर विचारा, कन्सल्टंट्सच्या कॉलेजच्या (इमिग्रेशन सल्लागारांना लायसन्स देणारी संस्था) सार्वजनिक यादीत तो सापडायला हवा, नाही सापडला तर फी देऊ नका.

बोलावणं आलं की ६० दिवसात अर्ज भरायचा असतो. अर्जाची पोच आली आणि तेव्हा तुमचं परमिट जिवंत असलं तर ब्रिजिंग परमिट (निकाल लागेपर्यंत काम करू देणारं) मागता येतं.