आत्मपर लेख आणि चॅटजीपीटी

प्रश्न : आईच्या कापूसवेचणीवर मी लेख लिहीत होतो, चॅटजीपीटीने क्षणात माझ्यापेक्षा सफाईदार लेख दिला. मग मी कशाला लिहावे? – एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : २०२२ च्या नोव्हेंबरात आलेले हे साधन अफाट मजकुराच्या आधारे पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधते, त्यामुळे ‘कष्टाळू माउली’ त्याला सहज सुचते, परंतु वेचणीच्या सुरुवातीला शेतात सीतादहीची पूजा करताना तुमची आई काय पुटपुटते, वाळलेल्या बोंडांनी ओरबाडलेली बोटे घेऊन ती रात्री भाकरी कशी थापते, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही. शुद्धलेखन त्याच्याकडून खुशाल तपासून घ्या. पहिला खर्डा मात्र स्वतःच लिहा, कारण आईविषयी आपल्याला नेमके काय वाटते ते बहुधा लिहितानाच उमगते, आणि ते काम दुसऱ्यावर सोपवणे मला मुळीच पटत नाही. तिचे बोलणे वऱ्हाडीतच राहू द्या.